हौश्याच्या घमेल्यातले हुलगे

मी नववीत होते तेव्हा आमच्या घरात सगळ्यात चांगलं कोण जेवत असेल, तर हौश्या. हौश्या म्हणजे आबांचा, माझ्या वडिलांचा, शर्यतीचा बैल. सकाळी त्याला घमेलंभर उकडलेले हुलगे, दुपारी कणकेचे गोळे, संध्याकाळी दुधात फोडलेली चार गावरान अंडी आणि वर गुळाचा खडा. आम्हाला भाकरी आणि ठेचा. भाकरी हवी तेवढी मिळायची, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं आम्ही उपाशी होतो. बाजरीच्या भाकऱ्यांची चळत एवढी उंच असायची की पलीकडे बसलेली आई दिसायची नाही, नुसता तिचा आवाज यायचा. पोट टम्म भरायचं. अंग तेवढं भरायचं नाही. पण त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. कोंबडी अंडं घालून ओरडली की आम्ही पोरं पळत जायचो आणि ते गरम अंडं तळहातावर धरून, देवाला फूल न्यावं तसं, गोठ्यात नेऊन द्यायचो. आबा ते कानाशी हलवून बघायचे आणि म्हणायचे, "हौश्या, आज पाचवं बी हाय बरं का." आमच्याशी एवढ्या मायेनं ते वर्षातून दोनदा बोलत असतील. दुसरी वेळ कुठली ते आता आठवत नाही.

माझं म्हणाल तर मी अशी होते की कळंबच्या हमरस्त्यावरून नाशिकचा ट्रक गेला की त्याच्या वाऱ्यानं मी चार पावलं नाशिककडे सरकायची आणि पुण्याचा ट्रक आला की परत जागेवर यायची. हायस्कूल मंचरला. सकाळची एसटी गाठायला घरापासून रस्त्यापर्यंत बांधाबांधानं पळायचं, संध्याकाळी तेवढंच चालत यायचं. माघ महिन्यातल्या एका सकाळी शाळेच्या मैदानावर कवायत चालली होती. सरांनी "हात वर" म्हटलं. माझे हात वर गेले आणि मी खाली गेले. डोळे उघडले तेव्हा अख्खी नववी माझ्याभोवती उभी आणि एक पोरगी वहीनं वारा घालत म्हणत होती, "मेली न्हाई, मेली न्हाई, डोळं हलत्यात." मला घरी पोचवायला शाळेतल्या एक बाई आल्या आणि आबांना म्हणाल्या, मुलगी फार अशक्त आहे, बघा जरा. आबांनी त्यांना चहा पाजला, रस्त्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन अंगणात उभे राहिले.

"सकाळी पळत गेले म्हणून चक्कर आली आबा," मी म्हणाले.

"हौश्या बी पळतो. त्याला न्हाई येत."

"त्याला अंडी असत्यात," मी पुटपुटले. ते त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

"हे बघ यमे, मी काय शाळंच्या वाईटावर न्हाई. पन हमरस्त्याव तू अशी पडली, आन वरनं ट्रक आला, तर मी कुनाला इचारू? नववी उरकून घे. चैताच्या यात्रंपत्तुर अंगावर चार किलो चढलं तर दहावी. न्हाईतर बस आईजवळ."

आबा बोलले की मोजमाप लगेच. त्यांनी मला उचललं आणि कांद्याच्या गोण्या तोलायच्या मोठ्या तराजूच्या पारड्यात बसवलं. तीन बांबूंना टांगलेला तो तराजू कुरकुरला नाहीसुद्धा. बत्तीस किलो भरले. आबा म्हणाले, "पोत्यात घातली तर पोतं बी म्हनंल, आजून जागा हाय." हसत म्हणाले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते, ते मला तेव्हा दिसलं नाही. आज दिसतं. मला तेव्हा फक्त दहावी दिसत होती. आमच्या आळीतली एकही मुलगी दहावीत बसलेली नव्हती आणि मी बसणार, असं मी आळीतल्या झाडून सगळ्यांना सांगून बसले होते. आता चार किलोंसाठी तोंडघशी पडायची पाळी आलेली.

तर आता वहिनीबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. वहिनी मढची, माळशेजच्या वाटेवरच्या डोंगराळ मुलखातली, जिथे भात, नाचणी आणि हुलगे पिकतात. हुलगे म्हणजे कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात ते बारीक तांबूस कडधान्य. आबांच्या मते जगात हुलगे एकाच ठिकाणी पिकतात, मढला. बाकी सगळीकडे खडे पिकतात. दर वर्षी ते एसटीनं जुन्नरला जायचे, तिथून दुसऱ्या एसटीनं मढला, आणि टपावर पोतं टाकून परत. त्या वर्षी पोतं निवडता निवडता त्यांना त्या घरची मुलगी आवडली आणि ते हुलगे आणि सून, दोन्ही एकाच खेपेत ठरवून आले. माझा थोरला भाऊ पुण्याला कारखान्यात कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. त्याला पोतं उतरवून घेताना कळलं की आपलं लग्न ठरलंय. मी थोडं मीठ लावून सांगतेय, पण फार नाही.

वहिनी घरात आल्यावर हुलगे शिजवायचं काम साहजिकच तिच्याकडे आलं. पहिल्या दिवशी तिनं परसातल्या चुलीवर भलं मोठं पातेलं चढवलं, हुलगे मऊ शिजवले, लसूण ठेचून घेतला आणि आईला विचारलं, "आत्याबाई, फोडनीला त्याल कुठलं घेऊ?" आई म्हणाली, "अगं, बैलाला फोडनी कशाला?" वहिनी पळी हातात धरून तशीच उभी राहिली. घरातल्या सहा माणसांसाठी एवढे हुलगे शिजवले असं तिला वाटलं होतं. बिचारी त्या रात्री मला हळूच म्हणाली, "वन्सं, आमच्याकडं हुलगं मानसं खात्यात आन बैल गवत खात्यात. तुमचं लई उलटंच हाय."

मला चक्कर आल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी विज्ञानाच्या सरांनी प्रथिनांचा धडा घेतला. सर पश्चिमेकडच्या भातखाचरांतून आलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज असा की पलीकडच्या वर्गातली मुलंही आमचाच धडा लिहून घ्यायची. फळ्याकडे पाठ करून ते म्हणाले, "शरीर म्हणजे भातलावणीची सावड. आज माझ्या वावरात सगळे, उद्या तुझ्या. या लावणीला वीस गडी लागतात. त्यांना म्हणतात अमिनो आम्लं. ह्या विसांची माळ ओवली की झालं प्रथिन. निम्मे-अर्धे गडी घरचे, शरीर स्वतःच तयार करतं. बाकीचे बाहेरून बोलवावे लागतात, जेवणातून. त्यातला एक लई मिजासखोर. त्याचं नाव लायसिन. तो आला नाही की बाकीचे बांधावर तंबाखू मळत बसतात. लावणी बंद!"

"मग त्या बसलेल्यांचं काय होतं सर?" मी विचारलं.

"शरीर त्यांना चुलीत घालतं. जळण म्हणून."

वर्ग हसला. मी नाही हसले. सर सांगत होते की दंडातलं मांस, कातडी, हाडांना हाडं बांधणारे दोर, रोगाशी लढणारे शिपाई, सगळ्यांत हा लायसिन लागतो. जेवणातलं कॅल्शियम अंगी लागायलाही त्याची मदत. बाजरी, ज्वारी, गहू, तांदूळ यांत तो असतो, पण लग्नात नवऱ्याच्या चुलत्याच्या मेव्हण्याला विचारावं तेवढाच. नुसती भाकरी कितीही खा, तो कमीच पडणार. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, तो मुबलक कुठे: दूध, दही, अंडी, मासे, मटण, डाळी, कडधान्ये. मी वहीत उतरवून घेतलं आणि परतीच्या एसटीत ती वही उघडून बघत बसले. कुठेतरी ही यादी पाहिल्यासारखी वाटत होती. कळंबचा थांबा आला तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. मासे आणि मटण वगळलं तर ही हौश्याची थाळी होती.

आता माझा नातू पुण्यात व्यायामशाळेत जातो. मागच्या दिवाळीत त्यानं बादलीएवढा डबा आणला, त्यात पिठीसाखरेसारखी पावडर. मी भिंग लावून मागची बारीक अक्षरं वाचली. इंग्रजी मला कामापुरतं येतं. तिसऱ्या ओळीत लायसिन. "आजी, हे तुला नाही कळायचं," तो म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, हे मी चोरून खाल्लंय." त्याला वाटलं, डब्यातलं खाल्लं. दोन दिवस तो डबा कपाटात कुलूप लावून ठेवत होता.

त्या संध्याकाळी मी वहिनीला परसात गाठलं आणि सरांची सगळी सावड तिच्यापुढे उभी केली. तिला अमिनो आम्लाशी घेणंदेणं नव्हतं. तिनं एकच विचारलं, "हुलगं त्यात बसत्यात का?" म्हटलं, "बसतात. कडधान्य ना." मग तिनं पदर खोचला. दुसऱ्या दिवसापासून पातेल्यातले निम्मे शिजलेले हुलगे घमेल्यात आणि निम्मे झाकणाखाली. घमेल्यातली तूट कडब्याच्या कुट्टीनं भरायची आणि वरून हुलग्यांचं गरम पाणी ओतायचं, म्हणजे वास तोच. गोठ्यात घमेलं मीच नेऊन ठेवायची. हौश्या माझ्याकडे बघायचा. तो जनावर होता, पण इतक्या सरळ नजरेनं मला त्यानंतर फक्त एका ज्योतिष्यानं बघितलं.

झाकणाखालच्या हुलग्यांची कधी उसळ व्हायची, कधी लसणाची फोडणी दिलेलं कढण. आणि कोरडे हुलगे जात्यावर भरडून वहिनी शेंगोळी करायची. पिठात ठेचलेला लसूण, मिरची, जिरं, मीठ. घट्ट मळायचं आणि दोन तळव्यांत वळून बोटाएवढी वाकडी शेंग करायची, की टाकली उकळत्या रश्शात. चूल रटरट वाजायची, तो वास परसातून निघून थेट रस्त्यावर जायचा आणि मला खात्री आहे की त्या दोन महिन्यांत कळंबच्या थांब्यावर विनाकारण उतरणारी माणसं वाढली. पहिला घास घेतला तेव्हा मी वहिनीला म्हणाले, "हे आपण बैलाला देत होतो?" ती म्हणाली, "बैलाला फोडनी न्हवती." आईला हे कळत नव्हतं असं नाही. ती परसात यायची, आभाळाकडे बघायची, "आज ऊन लई हाय" म्हणायची आणि वाटी पुढे करायची.

महिन्या-दीड महिन्यात मला शाळेचा जिना चढताना दम लागेनासा झाला. केस गळायचे थांबले. एसटीमागे पळून मी ती थांबवली, असं मी वर्गात सांगितलं. खरं म्हणजे ती पंक्चर होऊन थांबली होती, पण पळाले मी खरीच. मात्र यात्रा जवळ आली तशी मला झोप लागेना. हौश्या आपल्यामुळे हरला तर? आबा वर्षभर ज्या एका दिवसासाठी जगतात, तो दिवस आपण उसळ करून खाल्ला की काय? न राहवून मी सरांना एकटं गाठून विचारलं. सर आधी पोट धरून हसले, मग पुस्तक उघडून त्यांनी मला काहीतरी समजावलं. ते ऐकून निम्मी भीती गेली. निम्मी राहिलीच, कारण सरांनी पुस्तक वाचलं होतं, हौश्यानं नव्हतं.

यात्रेच्या दिवशी घाटावर, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, ही माणसं. एका गाड्याला चार बैल, चार घरचे, पुढे घोडी. हौश्याच्या जोडीला तात्यांचा बैल होता. तात्या म्हणजे शेजारच्या वाडीचे, आबांचे जिवलग दोस्त, आणि आबांची खोड काढण्यात त्यांचा जन्म गेलेला. मी आणि वहिनी बायकांच्या गर्दीत टाचा उंचावून उभ्या. गाडा सुटला तो दिसलाच नाही, नुसती धूळ वर सरकत गेली आणि वर निशाण पडलं. भोंग्यावरून आमच्या गाड्याचं नाव पहिल्यात पुकारलं तेव्हा वहिनीनं माझा दंड असा आवळला की तिच्याच तोंडून निघालं, "आगं बया, मांस लागतंय की हाताला!"

दुपारी अंगणात पंगत. आमच्याकडे यात्रेला मासवडी, म्हणजे बेसनाच्या पोळीत तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरून केलेली वडी, आणि सोबत जाळ रस्सा. पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी आणि तरी वाट्या पुढे. आबा फेट्याचा शेमला सावरत पंगतीत फिरत होते. "तात्या, ह्यो काय असाच पळाला न्हाई. रोजचं घमेलंभर हुलगं! एक दानाबी कमी न्हाई!" आतून वहिनीला ठसका लागल्याचा आवाज आला.

"हुलग्याचं ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "त्या पोरीच्या वजनाचं काय ठरलं व्हतं म्हनं? अख्ख्या गावाला सांगून ठिवलंय तिनं."

आता इथं मला एक कबूल करायचंय. मला माझ्या अंगाचा भरवसा नव्हता. म्हणून सकाळीच, वहिनीलाही न सांगता, मी फडक्यात हुलगे बांधून ते परकराच्या आत कमरेला गुंडाळले होते. तराजू मांडला गेला. एका पारड्यात छत्तीस किलोंची वजनं, दुसऱ्यात मी. माझं पारडं झोकात खाली गेलं. पंगतीनं टाळ्या वाजवल्या. मी आनंदानं उडी मारून खाली उतरले आणि फडक्याची गाठ सुटली. परकरातून हुलगे टपटप, टपटप, सारवलेल्या अंगणात. चार कोंबड्या कुठून कुठून धावत आल्या. आबांनी वाकून एक दाणा उचलला, उन्हात धरला, दातानं फोडला.

"हे मढचं हुलगं हाय," ते म्हणाले. "कुठनं आनलं?"

मला रडू फुटलं आणि रडता रडता सगळं बाहेर पडलं, निम्मं घमेलं, कुट्टी, शेंगोळी. आबांचा चेहरा भाजल्या वांग्यासारखा होत गेला. दोन घटकांपूर्वी भर पंगतीत एक दाणाही कमी नाही म्हणालेले ते. तेवढ्यात वहिनी डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात आली. लग्नाला वर्ष न झालेली सून, समोर दहा गावचे पाहुणे.

"मामंजी, वन्संना बोलू नगा. शिजवायचं काम माजं, मापबी माजं. मी काढलं."

"आबा," तात्यांना हसू आवरेना, "म्हंजी तुमचा बैल कडब्याव पळाला की हो राव! आमी हितं हुलगं घालून घालून मेलो!"

"आबा, हौश्याला न्हाई लागत येवढे," मी नाक ओढत म्हणाले. "सर म्हणले, रवंथ करणाऱ्याच्या पोटात पहिल्या कप्प्यात लई जंतू असत्यात, डोळ्यांना न दिसणारे. ते गवतातूनच लायसिन बनवत्यात, आन हौश्या मग त्या जंतूंनाच पचवतो. त्याच्या पोटात कारखाना हाय. आपल्याला आयतं खावं लागतं."

आबा वळले आणि गोठ्याकडे चालू लागले. आईला वाटलं काठी आणायला गेले. ती मध्ये पडायला उठलीसुद्धा. पण आबा हौश्याच्या डाव्या कुशीशी जाऊन थांबले, फेटा काढून हातात घेतला आणि कान त्याच्या पोटाला लावला. अख्खी पंगत हातातला घास हातात धरून बघत होती. किती वेळ ते तसे उभे होते, देव जाणे. मी म्हणेन अर्धा तास. आई म्हणायची, दोन मिनिटं.

"वाजतंय," ते परत येऊन म्हणाले.

मग मला पुन्हा पारड्यात बसवलं. साडेपस्तीस. अर्धा किलो कमी. आबा काट्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग परत काट्याकडे, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर तो भाव आला जो बाजारात हाडकुळं पण चांगल्या रक्ताचं खोंड बघताना यायचा.

"निम्म्या खुराकात साडेतीन किलो," ते स्वतःशीच म्हणाले. "तात्या, निम्म्या खुराकात! पुरा दिला तर काय व्हईल, सांगा की."

"दहावी व्हईल," तात्या म्हणाले.

"व्हऊं दे मंग," आबा म्हणाले, आणि एवढं बोलून दहावीचा प्रश्न त्यांनी पंगतीतल्या मिठासारखा बाजूला सारला. मग वहिनीकडे न बघता, तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "पोरी, ते शेंगोळं का काय, हाय का शिल्लक?"

होतं. वहिनीनं थाळा भरून आणला. आबांनी आधी एक चाखलं, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडलेच नाहीत. इतकी वर्षं आपण काय गोठ्यात नेऊन देत होतो, ते बहुधा मोजत असावेत. मग तो थाळा त्यांनी माझ्यापुढे सरकवला आणि पाहुणे सोडून, पंगत सोडून, माझ्यासमोर मांडी घालून बसले. मी जेवताना आबा समोर बसल्याचं मला त्याआधी आठवत नाही. मी भुकेनं आणि घाबरून भराभर गिळायला लागले, तसा त्यांनी माझा हात धरला.

"चावून खा," म्हणाले. "तुज्या पोटात कारखाना न्हाई."